अतिसंक्षिप्त रूप : कंपायलरमधील दोषांचा शोध

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी माध्यमाच्या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला ‘अतिसंक्षिप्त रूप’ हे दोन शब्द सहसा विसरता येत नाहीत. फळ्यावर ४८/६४ हा अपूर्णांक लिहिलेला असे. अंश आणि छेद या दोहोंना १६ ने भागले की ३/४ उरत असे. संख्या लहान झाल्या, किंमत मात्र तसूभरही बदलली नाही, हे त्या कृतीचे मर्म. त्याच वर्गात १२/२४ मधील वरचा २ आणि खालचा २ खोडून १/४ असे उत्तर लिहिणारा एखादा विद्यार्थीही असे. त्याचेही उत्तर लहानच असे, परंतु किंमत बदललेली असे. संक्षेप करणे आणि नुसते खोडून टाकणे यांतला हा भेद गुरुजींच्या लाल शाईने अनेकांच्या मनावर कायमचा कोरला आहे. संगणकशास्त्रातील एका अत्यंत उपयुक्त साधनाचे यश आणि अपयश नेमके याच भेदावर अवलंबून आहे. त्या साधनाचा परिचय हा या व्याख्यानाचा विषय.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना भाषांतर ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. वर्गात मराठी, बाजारात त्या प्रांताची भाषा आणि कचेरीच्या कागदावर इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. आजीचा निरोप दुकानदाराला त्याच्या भाषेत सांगताना अर्थ बदलू नये, ही जबाबदारी या मुलांनी कळत्या वयाच्या आधीच उचललेली असते. संगणकातील कंपायलर हा असाच एक दुभाषा आहे. मराठीत त्याला ‘संकलक’ असा प्रतिशब्द आहे, पण व्यवहारात कंपायलर हाच शब्द रुळला आहे. माणूस ‘सी’सारख्या भाषेत आज्ञावली म्हणजे प्रोग्राम लिहितो. संगणकाच्या प्रक्रियकाला ती भाषा कळत नाही. त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या आज्ञा कळतात. या दोहोंमधील भाषांतर कंपायलर करतो. बँकेचा व्यवहार असो, रेल्वेचे आरक्षण असो वा रुग्णालयातील उपकरण असो, त्यामागील आज्ञावली कधी ना कधी अशा दुभाष्याच्या हातून गेलेली असते.

दुभाष्याच्या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात तो मध्येच अडखळतो आणि गप्प होतो. कंपायलर भाषांतर करता करता बंद पडतो, आणि काहीतरी बिघडले हे निदान सर्वांना कळते. दुसरा प्रकार अधिक घातक. दुभाषा न अडखळता, आत्मविश्वासाने, चुकीचे भाषांतर करतो. मूळ आज्ञावली निर्दोष, लिहिणारा काळजीपूर्वक लिहिणारा, आणि तरीही यंत्राच्या हाती पडलेल्या आज्ञांचा अर्थ वेगळा.

याचे एक नोंदले गेलेले उदाहरण आहे. उबुंटू लिनक्स ८.०४.१ या प्रणालीबरोबर वितरित झालेल्या जीसीसी कंपायलरला अगदी लहानसा प्रश्न घातला गेला : एका छोट्या चलामध्ये १ ठेवला, दुसऱ्या छोट्या चलामध्ये २५५ ठेवला, तर पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे काय? पहिल्या चलात ऋण संख्या ठेवता येत होत्या, दुसऱ्यात नाही, एवढाच दोहोंत फरक होता. सी भाषेच्या नियमाप्रमाणे तुलनेपूर्वी दोन्ही संख्या मोठ्या पूर्णांकात रूपांतरित व्हाव्यात आणि उत्तर ‘नाही’ असे यावे. त्या कंपायलरने तयार केलेल्या आज्ञांनी उत्तर दिले, ‘होय’. आठ द्विअंकी स्थानांत २५५ आणि उणे एक यांचे रूप एकसारखेच दिसते. तो फरक पाळला गेला नाही की एक हा दोनशे पंचावन्नहून मोठा ठरतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हा दोष जीसीसीच्या मूळ आवृत्तीत नव्हता. वितरणासाठी तिच्यात अनेक फेरफार केलेल्या आवृत्तीत तो होता.

हे उदाहरण अमेरिकेतील यूटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनातून आले. त्यांनी ‘सीस्मिथ’ नावाचे एक साधन तयार केले. ते यदृच्छेने, म्हणजे जणू फासे टाकून, सी भाषेतील नियमशुद्ध आज्ञावली रचते. तीच आज्ञावली निरनिराळ्या कंपायलरांकडे द्यायची आणि उत्तरे ताडून पाहायची. एखाद्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे आले की तेथे दोषाचा संशय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तीन वर्षांत ३२५ हून अधिक अज्ञात दोष कंपायलरकर्त्यांना कळवले गेले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी बंद पडला आणि कधी मुकाट्याने चुकीचे भाषांतर करताना आढळला.

मात्र या यशामागे एक मोठी अडचण दडलेली होती. फासे टाकून रचलेली आज्ञावली दोष पकडण्यास उपयोगी पडावी, तर ती मोठी असावी लागते. हजारो शब्दांची, निरर्थक नावांनी भरलेली, कोणत्याही माणसाने वाचण्यासाठी न लिहिलेली. तिच्यात कोठेतरी दोन-चार ओळींमुळे कंपायलर घसरलेला असतो. ‘एक मोठा की दोनशे पंचावन्न’ हा प्रश्न छापील पानावर चार-पाच ओळींत मावतो. पण दोष पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो इतका नीटनेटका समोर येत नाही. गवताच्या गंजीतून सुई काढण्याचे हे काम कोणी करायचे?

ही अडचण केवळ कंपायलरची नव्हती. १९९९ च्या जुलै महिन्यात मोझिला या वेब ब्राउझरच्या दोषसूचीत ३७० हून अधिक तक्रारी अशा पडून होत्या, की ज्यांचे साधे लघुकरणही झाले नव्हते. अभियंत्यांना वेळ नव्हता. म्हणून स्वयंसेवकांना आवाहन केले गेले : दोष दाखवणारे पान घ्यावे, त्यातील एकेक भाग काढून पाहावा, आणि दोष टिकून राहील असे लहानात लहान पान परत द्यावे. ब्राउझरच्या त्या भागाचे नाव ‘गेको’, म्हणजे पालीची एक जात. म्हणून अधिक दोष सोडवणाऱ्यांना बक्षीस म्हणून मऊ कापडी पाल आणि टी-शर्ट ठेवले गेले. माणसांनी हाताने करावयाचे हे काम इतके यांत्रिक होते की ते यंत्रालाच का देऊ नये, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते.

जर्मनीतील आंद्रेआस झेलर यांनी त्याच वर्षी या दिशेने पाऊल टाकले होते. जीडीबी या दोषशोधक साधनाच्या ४.१६ आणि ४.१७ या दोन आवृत्त्यांमध्ये १,७८,००० ओळी बदलल्या होत्या, आणि नव्या आवृत्तीबरोबर तिच्यावर विसंबून असलेले एक साधन नीट चालेनासे झाले होते. बदलांचे गट पाडून, एकेक गट लावून आणि काढून पाहत संगणकाने दोषाचे मूळ हुडकले. ते निघाले पडद्यावर उमटणाऱ्या एका संदेशातील शब्दबदलात! दुसरे साधन तो संदेश जुन्या शब्दांत येईल या अपेक्षेने वाचत होते. पुढे झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ मध्ये हीच रीत दोष घडवणाऱ्या मजकुराला लावून दाखवली. तिला ‘डेल्टा डीबगिंग’ असे नाव आहे.

ही रीत समजण्यास अवघड नाही. गणेशोत्सवात दिव्यांची माळ बंद पडली की जाणता माणूस पहिल्या दिव्यापासून एकेक दिवा तपासत बसत नाही. तो माळ मधोमध तपासतो आणि निम्मी माळ एका फटक्यात संशयातून मुक्त करतो. डेल्टा डीबगिंगचा आरंभ असाच आहे. मजकुराचे दोन भाग करावेत. एका भागानेच दोष दिसत असेल तर दुसरा टाकून द्यावा. परंतु दोष पुष्कळदा दोन दूरच्या ओळींच्या संयोगाने घडतो, आणि मग निम्मे करण्याची युक्ती थिटी पडते.

समजा, आठ ओळींची आज्ञावली आहे आणि तिसरी व सहावी ओळ एकत्र असतील तेव्हाच कंपायलर बंद पडतो. पहिल्या चार ओळी ठेवल्या तर दोष नाहीसा होतो. शेवटच्या चार ठेवल्या तरी नाहीसा होतो. येथे यंत्र हार मानत नाही. ते चार भाग करते आणि एका वेळी एकच भाग वगळून पाहते. पहिल्या दोन ओळी वगळल्या, दोष टिकला, त्या गेल्या. तिसरी-चौथी वगळली, दोष गेला. म्हणून त्या परत आल्या. पाचवी-सहावी वगळली, दोष गेला. त्याही परत आल्या. सातवी-आठवी वगळली, दोष टिकला, त्या गेल्या. आता उरलेल्या चार ओळींतून एकेक वगळायची. चौथी जाते, पाचवी जाते. तिसरी आणि सहावी मात्र हलत नाहीत. यांपैकी कोणतीही एक ओळ काढली तरी दोष नाहीसा होतो, म्हणून येथे यंत्र थांबते. भागाकार करता करता आणखी सामाईक विभाजक उरू नये, तशीच ही अवस्था.

झेलर आणि हिल्डेब्रांट यांच्या प्रयोगात मोझिला बंद पाडणाऱ्या वापरकर्त्याच्या ९५ कृतींतून यंत्राने ३ आवश्यक कृती वेगळ्या काढल्या, आणि ८९६ ओळींच्या पानातून दोषाला कारण असलेली एकच ओळ. त्यासाठी १३९ चाचण्या आणि त्या काळच्या ५०० मेगाहर्ट्झ संगणकावर ३५ मिनिटे लागली. जीसीसी कंपायलरला बंद पाडणारी ७५५ अक्षरांची आज्ञावलीही याच रीतीने ७७ अक्षरांवर आली. कापडी पालीच्या बक्षिसाची गरज उरली नाही.

सी भाषेच्या मोठ्या आज्ञावलींना मात्र ही सरळ रीत पुरेना. भाषेला व्याकरण असते. उघडलेला कंस मिटवणारी ओळ काढली की सारी आज्ञावलीच अशुद्ध होते. चल जाहीर करणारी ओळ काढली की पुढचा प्रत्येक उल्लेख निराधार होतो. वाक्यातून क्रियापद खोडावे आणि अर्थ राहावा अशी अपेक्षा करण्यासारखेच ते. म्हणून रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सी-रिड्यूस’ हे साधन मांडले. ते ओळी तर खोडतेच, शिवाय भाषा जाणून बदल करते. लांबलचक पदावलीच्या जागी शून्य ठेवून पाहते, उपयोगात नसलेले फलन काढते, फलनाचा मजकूर त्याला बोलावणाऱ्या जागी आणून ठेवते, चलांची लांब नावे आखूड करते. एका फेरीत जमले नाही ते दुसरा बदल झाल्यावर जमते. म्हणून काहीच बदलता येईनासे होईपर्यंत ते फेऱ्या मारत राहते. त्या निबंधात नोंदल्याप्रमाणे, कंपायलरकर्त्यांमध्ये तेव्हा सर्वाधिक वापरात असलेल्या साधनापेक्षा त्याचे निष्कर्ष सरासरीने २५ पटींहून अधिक लहान होते.

आता मूळ मुद्द्याकडे. हे साधन किती बुद्धिमान आहे? वस्तुतः ते मुळीच बुद्धिमान नाही. कंपायलरमधील दोष म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. माणूस त्याला एक लहानशी कसोटी लिहून देतो. ती प्रत्येक नव्या मजकुराकडे पाहून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. ‘होय’ आले की मजकूर ठेवायचा, ‘नाही’ आले की मागे फिरायचे. कसोटीने जे राखायला सांगितले नाही ते सारे यंत्र निर्दयपणे काढून टाकते. सूप धान्य पाखडते, पण कोंडा कोणता आणि दाणा कोणता हे ठरवणारा हात माणसाचा असतो.

कसोटी ढिली राहिली की दोन प्रकारचे अनर्थ घडतात. पहिला अनर्थ दोष बदलण्याचा. ‘कंपायलर बंद पडला पाहिजे’ एवढीच अट घातली, तर काटछाट करता करता यंत्र एखाद्या भलत्याच कारणाने कंपायलर बंद पाडणाऱ्या मजकुरापाशी पोहोचते आणि तेही ‘होय’मध्ये मोजते. शोधायला निघालेला दोष मागेच राहतो आणि हाती दुसराच येतो. म्हणून बंद पडताना उमटणारा नेमका संदेश कसोटीत लिहावा लागतो.

दुसरा अनर्थ अधिक गंभीर, कारण त्यात निर्दोषावर आरोप होतो. समजा, कसोटी अशी आहे की दोन कंपायलरांची उत्तरे वेगळी यावीत. यंत्र खोडता खोडता चलाला आरंभीची किंमत देणारी ओळ काढून टाकते. सी भाषेच्या नियमांनुसार अशा चलाची किंमत काय, हे आता ठरलेलेच नाही. एक कंपायलर एक उत्तर देतो, दुसरा दुसरे. आणि नियमाप्रमाणे दोघांचीही चूक नाही. शून्याने भागणे, सारणीच्या सीमेबाहेर हात घालणे, चिन्हयुक्त पूर्णांकाची मर्यादा ओलांडणे, या साऱ्यांची गत हीच. कसोटी मात्र प्रसन्न होऊन ‘होय’ म्हणते. शेवटी हाती येते ते पाच ओळींचे, सुबक, वाचनीय आणि सर्वस्वी खोटे आरोपपत्र. १२/२४ चे १/४ झालेले असते.

यावर उपाय आहे, आणि तो कष्टाचा आहे. कसोटीत प्रत्येक अट स्पष्ट लिहावी लागते : आज्ञावली व्याकरणशुद्ध असावी, इतर कंपायलरांनी तिच्याबद्दल गंभीर इशारा देऊ नये, ती ठरावीक वेळात संपावी, आणि भाषेचे नियम काटेकोरपणे तपासणाऱ्या स्वतंत्र साधनाने ती निर्दोष ठरवावी. सी-रिड्यूसच्या कर्त्यांनी आपल्या प्रयोगांत केसीसी आणि फ्रामा-सी ही साधने याच कामासाठी वापरली. या सर्व अटी पार करून जे उरते, त्यालाच अतिसंक्षिप्त रूप म्हणावे.

इतका आटापिटा कशासाठी, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे शक्य आहे. उत्तर साधे आहे. तक्रार वाचणारा माणूस असतो. जीसीसी आणि एलएलव्हीएम यांसारखे कंपायलर जगभरातील लोक मिळून सांभाळतात. त्यांत कित्येक स्वयंसेवक असतात. बाहेरचे सारे संदर्भ जोडले की दहा-वीस ओळींची आज्ञावलीही हजारो ओळींची होते. ती तशीच दुसऱ्याच्या अंगणात टाकणे म्हणजे न निवडलेले तांदूळ पाहुण्याच्या पानात वाढणे. उलट पाच ओळींचा खरा पुरावा वाचणाऱ्याला लागलीच पटतो, आणि दोष दुरुस्त झाल्यावर तो परत उद्भवू नये म्हणून कंपायलरच्या कायमच्या चाचण्यांत त्याला जागा मिळते. संक्षेपाचे आणखीही लाभ आहेत. वेगवेगळ्या दिसणाऱ्या अनेक तक्रारी लहान केल्यावर एकसारख्या निघतात आणि त्यांमागे एकच दोष असल्याचे उमगते. एखाद्या कंपनीला आपली खाजगी आज्ञावली बाहेर देता येत नाही. तिच्यातील व्यवसायाची सर्व माहिती गळून गेलेले चार ओळींचे रूप मात्र निर्धास्तपणे देता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचा लाभ तक्रार करणाऱ्याचा स्वतःचा आहे. ‘माझे बरोबर आहे, कंपायलरच चुकला’ असे नवशिक्याला फार लवकर वाटते. मजकूर लहान होत जातो तसे पुष्कळदा लक्षात येते की चूक स्वतःच्याच ओळीत होती; केवळ गर्दीत ती दिसत नव्हती. अशी तक्रार न पाठवताच फाडून टाकली जाते, आणि कोणाचाही वेळ वाया जात नाही. खरा दोष असेल, तर तो सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. खोट्या आरोपांची सवय झालेल्या कानांना खरा आरोपही ऐकू येत नाही.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याने दिलेले रूप सर्वांत लहान असेलच असे नाही. त्यातून आणखी एकच काही काढता येणार नाही, एवढीच त्याची हमी. वेगळ्या वाटेने गेले असते तर याहून लहान रूप मिळाले असते, असेही घडते. कधी दिसणारा आणि कधी न दिसणारा दोष त्याला चकवतो, कारण त्याची कसोटी दर वेळी एकच उत्तर देईल हे गृहीत असते. मोठ्या आज्ञावलीला तासन्‌तास लागतात. आणि दोष का घडला, हे ते कधीच सांगत नाही. ते फक्त घटनास्थळ रिकामे करून देते. कारण शोधण्याचे काम माणसाकडेच राहते.

साठ वर्षांत या शाळेच्या फळ्यांवर किती अपूर्णांक लिहिले आणि पुसले गेले, याची गणती नाही. त्यांतला कोणताही अपूर्णांक पुढे कोणाच्या उपयोगी पडला असेल असे नाही. उपयोगी पडली ती त्यामागची शिस्त : जे वगळायचे ते निःशंकपणे वगळावे, परंतु किंमत बदलली नाही ना, हे प्रत्येक पायरीवर ताडून पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत त्यांच्या हाती सी-रिड्यूससारखे बलवान यंत्र आहे. इतरांच्या हाती लेखणी आहे, कचेरीतील अर्ज आहे, घरातील वाद आहे. तक्रार कोणतीही असो, ती थोडक्यात मांडण्याचे काम आता यंत्रही करून देईल. ती खरी आहे की नाही हे विचारणारी कसोटी मात्र ज्याची त्यानेच लिहावी लागते. ती लिहायला शिकवणाऱ्या सर्व गुरुजनांना वंदन करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.